कुंकू लावलेलं मत

आमच्या घरातला कुठलाही महत्त्वाचा कागद कुंकू लागल्याशिवाय दाराबाहेर पडत नाही. म्हणजे पडत नसे. लेकीचा कॉलेजचा अर्ज असो, गाडीचे पेपर असोत, यांच्या ऑफिसचं टेंडर असो, सगळं आधी देवापुढे जायचं. ही खोड माझी नाही बरं का, आमच्या यांची. नवरा इंजिनियर, भर वाळवंटातल्या स्टेडियममध्ये थंड हवा खेळवायचं काम करणारा, आणि घरी आला की नव्या पासपोर्टच्या कव्हरवर स्वस्तिक काढणारा. लग्नाच्या नव्या नवलाईत मला त्याचं कौतुक वाटायचं, पुढेपुढे चिडचिड व्हायला लागली. वर्ल्डकपच्या वर्षी मात्र या खोडीने असा काही घोळ केला की तो आजही विसरता येत नाही.

आम्ही तेव्हा कतारमध्ये, दोह्याबाहेरच्या उम्म सलाल मोहम्मदला राहायचो. एका व्हिलाचे मधे भिंती घालून तुकडे केलेले, आणि आमच्या वाटणीच्या तुकड्यात स्वयंपाकघर मोठं, म्हणून मी खूश होते. त्या काळात कतारमध्ये कुणालाही काहीही विचारा, उत्तर एकच. रस्ता कधी उघडणार? वर्ल्डकपच्या आधी. गळका एसी कधी दुरुस्त होणार? इन्शाल्ला, वर्ल्डकपच्या आधी. यांची नोकरी किती दिवस, याचं उत्तर मात्र ‘वर्ल्डकपपर्यंत’ असं होतं. ते माहीत सगळ्यांना होतं, बोलून कुणी दाखवत नव्हतं.

माझा धाकटा भाऊ अमेरिकेत. गेला तेव्हा त्याचा मुलगा चार वर्षांचा होता, नाशिकहून निघताना माझ्या खांद्यावर झोपलेला. भाऊ तेव्हापासून ग्रीन कार्डच्या रांगेत उभा. ती रांग कशी आहे हे मला त्याने शंभरदा समजावलं असेल, आणि मला एवढंच समजलं की तिच्यात माणूस म्हातारा होतो पण नंबर लागत नाही. तोवर बायको-मुलगा त्याच्या व्हिसावर. पण मुलगा एकवीस वर्षांचा झाला की बापाचा व्हिसा त्याला चालत नाही. त्या दिवशी तो तिथे उपरा. ज्या गावात त्याचे दुधाचे दात पडले, जिथे तो सायकल शिकला, तिथून त्याने गाशा गुंडाळायचा. विद्यार्थ्याच्या व्हिसासाठीही खटपट केली, तीही अडकली. भाच्याचा एकविसावा वाढदिवस येत होता वर्ल्डकपनंतर, होळीच्या आसपास. अख्खं दोहा पहिल्या सामन्याला किती दिवस उरले ते बघत होतं, आणि मी भाच्याला किती उरले ते.

आणि आता गंमत बघा. गंमत कसली, थट्टाच ती. माझी लेक अमेरिकन. यांना कंपनीने दोन वर्षं भाऊ आता राहतो त्याच राज्यात पाठवलं होतं, तेव्हा तिथे झाली. रांगायला लागली तशी आम्ही तिला घेऊन कतारला आलो. तिला ना तिथलं बर्फ आठवत, ना घर. मराठी कळतं, उत्तर इंग्लिशमध्ये देते, आणि इथल्या टॅक्सीवाल्यासारखं ‘यल्ला, खलास’, म्हणजे ‘चला, संपलं’, दिवसभर तोंडात. पण पासपोर्ट तिचा अमेरिकेचा. भाचा तिथे वाढला, मराठी माझ्या लेकीपेक्षा चांगलं बोलतो, आणि अमेरिकेच्या लेखी तो पाहुणा. एका घरातली दोन पोरं, आणि देवाने कागद वाटताना हात उलटे फिरवले.

त्या वर्षी त्या राज्यातून सेनेटसाठी एक नट उभा राहिला. सेनेट म्हणजे आपल्या राज्यसभेसारखं, फक्त तिथे लोक थेट निवडून देतात. आणि ते राज्यही असं की कुणाच्या बापाचं नाही. एकदा हा पक्ष, एकदा तो, आणि फरक चिमूटभर मतांचा. या नटाने टीव्हीवर वर्षानुवर्षं एका बापाचं काम केलं होतं. ती मालिका दोह्यातही डिशवर लागायची. लेक लहान असताना जेवायची नाही, तेव्हा मी त्या बापाला लावून दोन घास जास्त भरवले आहेत. सोफ्यावर बसायचा, चष्मा कपाळावर सरकवायचा, आणि अर्ध्या तासात घरातला कुठलाही प्रश्न सोडवून टाकायचा. माझा भाऊ तर अमेरिकेत बोलायचं कसं हे त्याच्याकडूनच शिकला.

पंधरा ऑगस्टच्या मेळाव्याला तो नट तिथल्या भारतीय लोकांत आला. झब्बा घालून, कपाळाला टिळा लावून. भावाने गर्दीतून वाट काढली, मुलाला पुढे केलं आणि दोन वाक्यांत सगळी कर्मकहाणी सांगितली. नटाने भाच्याच्या खांद्यावर हात ठेवला. चष्मा कपाळावर सरकवला, अगदी मालिकेतल्यासारखा, आणि म्हणाला, “हे घर तुझंच आहे बेटा. मी बघतो काय करायचं ते.” कुणीतरी त्याचा व्हिडिओ काढला. आमच्या फॅमिली ग्रुपवर तो व्हिडिओ इतक्या वेळा फिरला की मला त्यातल्या मागच्या बायकांच्या साड्याही पाठ झाल्या.

माझा भाऊ तेव्हापासून वेडाच झाला. नोकरी सांभाळून संध्याकाळी दारोदार जाऊन त्या नटासाठी मतं मागायला लागला. स्वतःला मत नाही, बायकोला नाही, मुलाला नाही, आणि हा लोकांच्या दारात उभा. त्याने मुलाची सगळी कागदपत्रं जोडून नटाच्या प्रचार कार्यालयाला लांबलचक मेल लिहिली. आठवडाभराने उत्तर आलं. एक फोटो. चष्मा कपाळावर, खाली झोकदार सही, ‘पाठिंब्याबद्दल आभार’. मला फोनवर हसू आवरेना. पण भाऊ गंभीर होता. त्याने तो फोटो फ्रेम करून देवघराच्या बाजूला टांगला. बुडत्याच्या हातातली काडी ओढून घ्यायला मन धजावलं नाही.

मत आमच्या घरात आहे हे लक्षात आलं ते वहिनीच्या. एका शुक्रवारी व्हिडिओ कॉलवर ती मधेच थांबली आणि म्हणाली, तुमची लेक आता अठरा पूर्ण ना? परदेशात राहणाऱ्या अमेरिकन माणसाला शेवटचं जिथे राहिला तिथलं मत देता येतं म्हणे. आम्ही सगळे एकमेकांकडे बघत बसलो. चार मोठी माणसं, दोन देशांत मिळून आयुष्यभर टॅक्स भरलेली किंवा घाम गाळलेली, आणि मत कुणाला, तर जी दुपारी बारापर्यंत झोपते तिला.

लेक काही लगेच हो म्हणाली नाही. माझीच पोरगी ती. तिने आधी त्या नटाचा दुसरा एक व्हिडिओ शोधून काढला आणि माझ्या नाकासमोर धरला. त्याच राज्यातलं दुसरं गाव, शेतकऱ्यांची टोपी, तोच चष्मा कपाळावर. तिथे तो सांगत होता की बाहेरून आलेल्यांनी फार गर्दी केली आहे, रांगेत उभं राहायचं तर आपापल्या देशात जाऊन उभं राहा. लोक टाळ्या पिटत होते. मी तो व्हिडिओ भावाला पाठवला. त्याचं उत्तर तयार होतं: निवडणुकीत सगळे असंच बोलतात, त्याने माझ्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवलाय, मी तिथे होतो. मी कपाळावर हात मारला. पण खरं सांगते, मलाही आतून वाटत होतं की ठेवलाय ना हात. एवढा मोठा माणूस, उगीच कशाला ठेवेल?

मग भाऊ रोज माझ्या लेकीला फोन करायला लागला. मामाचा फोन म्हटलं की ती खोलीत जायची. एकदा तिने मला स्पष्ट विचारलं की तुम्हाला माझं मत हवंय की माझा अंगठा हवाय. शेवटी तिने थेट भाच्यालाच फोन लावला, माझ्यासमोर, स्पीकरवर. दादा, तू सांगशील तसं करते, असं ती त्याला इंग्लिशमध्ये म्हणाली. तर तो म्हणाला, “मला नको विचारूस. आपल्यात तुलाच एकटीला विचारलंय कुणीतरी. तुला वाटेल तसं कर.” तिने फोन ठेवला आणि उशीत तोंड खुपसून रडली.

तरी तिने नाव नोंदवून मतपत्रिका मागवली. ती आली पोस्टाने, यांच्या कंपनीच्या पेटीत. कतारमध्ये पोस्टमन घरी येत नाही, टपाल पेटीत येऊन पडतं आणि सवड होईल तसं कुणीतरी आणतं. त्यात दिवस गेले. हातात आली तेव्हा वेळ अगदी थोडा उरला होता, दुसरी मागवायचा प्रश्नच नव्हता. लेकीने खोलीचं दार लावून घेतलं. बाहेर आली ती बंद पाकीट घेऊन. बाहेरच्या पाकिटावर एक चौकोन होता, त्यात तिने सही केली. तिची सही आधीच मुंगीएवढी. सकाळी कुरियरला द्यायचं म्हणून पाकीट जेवणाच्या टेबलावर ठेवलं आणि ती झोपायला गेली.

सकाळी मी चहा टाकत होते. हे अंघोळ करून पूजेला बसले होते. यांना वाटलं, एवढा भाच्याच्या आयुष्याचा प्रश्न, आणि पाकीट तसंच कोरडं जाणार? यांनी ते उचललं, देवापुढे ठेवलं. दोह्यातल्या नजमा भागातल्या दुकानातून आणलेलं कुंकू फार भुरभुरीत, कागदावर टिकत नाही, गळून जातं. म्हणून यांनी काय करावं? त्यात खोबरेल तेलाचे थेंब घातले. इंजिनियर ना! चार कोपऱ्यांना चार बोटं लावली आणि मधे मोकळी जागा दिसली तिथे छानपैकी स्वस्तिक काढलं. मोकळी जागा म्हणजे सहीचा चौकोन.

लेक उठून आली तोवर तेल पसरलं होतं. सहीची शाई कुंकवात उतरली होती, चौकोनात नुसता लाल-निळा डाग. हे हातात निरांजन घेऊन उभे, आणि आपण काय केलं हे यांना हळूहळू कळत गेलं, ते मी यांच्या चेहऱ्यावर बघितलं. बोलायला माझ्याकडे भरपूर होतं, वीस वर्षांचं साठलेलं होतं. पण लेकीने बापाकडे बघितलं आणि म्हणाली, “इट्स ओके, बाबा.” मग मी काय बोलणार?

टिश्यूने टिपलं, पावडर लावून बघितली, डागाच्या बाजूला पुन्हा सही केली. कुरियरच्या काउंटरवर पाकीट ठेवलं तर तिथल्या माणसाने ते उलटसुलट करून बघितलं आणि प्रेमाने विचारलं, “शादी का कार्ड है, मॅडम?” मी हो म्हटलं. त्याने शुभेच्छा दिल्या.

मग वाट बघणं. गावभर झेंडे लागले, समुद्रकाठच्या कॉर्निशवर मोठमोठ्या खेळाडूंची चित्रं चढली, शाळा अर्ध्या दिवसावर आल्या, आणि आमच्या व्हिलाचा मालक पाहुण्यांना भाड्याने द्यायला म्हणून गच्चीवरच्या खोल्यांना रंग काढू लागला. एका संध्याकाळी लेक फोन बघत असताना एकदम ताठ बसली. तिथल्या निवडणूक ऑफिसची मेल होती, नको असलेल्या मेलच्या ढिगात आदल्या दिवसापासून पडलेली. पाकिटावरची सही ओळखता येत नाही. आज ऑफिस बंद व्हायच्या आत मतदाराने स्वतः ओळखपत्र घेऊन यावं, नाहीतर मत मोजलं जाणार नाही. तिथे तेव्हा सकाळ होती. विमानात बसून पोचायचं म्हटलं तरी ते ऑफिस बंद झालेलं असणार, हे यांनी कागदावर मांडून बघितलं. दोनदा मांडलं.

ते ऑफिस माझ्या भावाच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. भाऊ कामावर होता, म्हणून भाच्याला फोन केला. लेकीने तिच्या पासपोर्टचे फोटो पाठवले, सहीचा व्हिडिओ काढून पाठवला, मी तोंडाने देवाचं नाव घेत स्वयंपाकघरात फेऱ्या मारत होते. तो तसाच गाडी काढून गेला. आम्ही तिघं टेबलाभोवती बसलो. मधे फोन. थोड्या वेळाने तो वाजला.

“आत्या, नाही म्हणाले. तिलाच यावं लागेल म्हणाले.” मग म्हणाला, फार चांगली माणसं होती, खुर्ची दिली, पाणी विचारलं. त्याचा आवाज असा होता की जणू आपल्याकडूनच काही कमी पडलं. मला त्या क्षणी कुणावर तरी जोरात ओरडायचं होतं. पण कुणावर? समोर बसलेला नवरा मी ओरडायच्या आधीच मेल्याहून मेला झाला होता.

नट निवडून आला. आमच्या लेकीच्या मताशिवाय, एका मतापेक्षा पुष्कळ जास्त फरकाने. भावाने सकाळी फोन केला तेव्हा तो आनंदाने रडत होता, पेढे वाटले म्हणाला. भाचीचेही आभार मानले, तिचं मत कचऱ्यात गेलंय हे माहीत असून. त्या दिवशी जेवताना लेकीने आपणहून सांगितलं की तिने त्यालाच मत दिलं होतं. दुसरा व्हिडिओ पाठ होता तरी. दादासाठी, म्हणाली. यांचा घास हातातच राहिला.

वर्ल्डकप आला आणि गेला. यांनी थंड केलेल्या स्टेडियममध्ये जग येऊन नाचून गेलं. भावाने सेनेटरसाहेबांच्या ऑफिसला मेलमागून मेल लिहिल्या. एकदाच उत्तर आलं. पुन्हा फोटो. या वेळी सहीखाली ‘सेनेटर’ असं छापलेलं होतं. तोही त्याने फ्रेम करायला दिला असं वहिनी म्हणाली, आणि तिने फोन ठेवून दिला.

होळीच्या सुमारास भाचा दोह्याला उतरला. पुण्याला जायच्या वाटेवर आत्याकडे चार दिवस. उरलेली डिग्री तिथे करायची, आमच्या बंद फ्लॅटमध्ये राहायचं असं ठरलं होतं. नोकरी संपल्याचं यांच्या कंपनीचंही पत्र आलं होतं, त्यामुळे आमच्याही घरात खोकी उघडी पडलेली. भाऊ लेकीला म्हणाला होता की तू इकडे ये शिकायला, दादाची खोली रिकामीच आहे. चांगल्या मनाने म्हणाला होता. लेक त्यावर उठून बाहेर गेली होती.

चार दिवस भाचा शहाण्यासारखा वागला. माझ्या हातची वांग्याची भाजी दोनदा मागून घेतली, बहिणीबरोबर नजम्यात जाऊन दाट दुधाचा करक चहा पिऊन आला. निघायच्या दिवशी दुपारी तो बॅग भरताना सहज सांगायला लागला. त्या दिवशी निवडणूक ऑफिसात काउंटरवरच्या बाईंनी त्याला नाही म्हटल्यावर त्यांना फार वाईट वाटलं म्हणे. तो जायला निघाला तशी त्यांनी हाक मारली. बहिणीचं जाऊ दे, तू स्वतः तरी मत दिलंस ना, असं विचारलं. त्याने नाही म्हणून मान हलवली नुसती. तर त्यांनी त्याला नाव नोंदवायचा फॉर्म दिला आणि सांगितलं, पुढच्या वेळी विसरू नकोस, तुझ्यासारख्या तरुणांनीच मत द्यायला हवं.

“मग तू काय म्हणालास?” लेकीने मराठीत विचारलं.

“थँक यू म्हणालो. त्या इतक्या प्रेमाने बोलत होत्या.”

हे दारात उभे होते. त्या सकाळनंतर यांनी एकाही कागदाला कुंकू लावलं नव्हतं. कंपनीचं पत्र कोरडं आलं, नोकरीच्या हिशेबाचे पेपर कोरडे गेले, करंडा देवघरात नुसता बसून होता. भाच्याने बॅगेची चेन ओढली, वरच्या कप्प्यातून आपला पासपोर्ट आणि पुण्याचं तिकीट काढलं आणि यांच्यापुढे धरलं.

“काका, यावर लावा ना ते कुंकू.”

“नको रे बाबा,” हे एकदम मागे सरले. “माझ्या हाताला यश नाही.”

“लावा हो,” तो म्हणाला, आणि हसला, लहानपणी खांद्यावर झोपेत हसायचा तसा. “आता काय बिघडायचं राहिलंय?”

यांनी करंडा उघडला. तेल घातलं नाही. चिमटीत कोरडं कुंकू घेतलं, आणि पासपोर्टच्या अगदी कोपऱ्यात, कशालाही लागणार नाही अशा बेताने, एक बोट टेकवलं. ते भुरभुरलं आणि अर्धं खाली फरशीवर सांडलं.